बावीस इंची मॉनिटर

इंद्रभान तायडेनं मॉनिटरच्या खोक्याला सीट दिली आणि त्यावरून मलकापूर–बुलढाणा गाडीत चांगलीच जुंपली. बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि कंडक्टरच्या सीटवर खिडकीच्या बाजूला एक पुठ्ठ्याचं खोकं ऐसपैस बसलेलं. एका म्हातारीनं आधी खोक्याकडं पाहिलं, मग कंडक्टरकडं पाहिलं आणि हा कोण मोठा पाहुणा लागून गेला, याच्या पायाला फोड आलेत काय, असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं. इंद्रभान मुकाट्यानं उठला. स्वतःची जागा त्यानं म्हातारीला दिली, खोक्याचं लगेजचं तिकीट काढून खोक्यावरच्याच चिकटपट्टीत खोचलं, आणि मोताळ्यापर्यंत उभा राहिला, एक हात दांड्याला, दुसरा खोक्यावर. ड्रायव्हर किसनराव आरशात बघून हसत होते. इंद्रभानला त्याचं काही नव्हतं, त्याला फक्त खड्ड्यांची काळजी होती.

मोताळ्याच्या स्टँडवर त्याची बायको जनका उभीच होती. गाडी पुढं बुलढाण्याला जायची, तेव्हा खोकं तिच्या हातात देऊन त्याला लगेच निघायचं होतं. आडवं धरू नको, आपटू नको, पिशवी वरती ठेवू नको, घरी गेल्यावर पंख्याखाली ठेव पण पंखा लावू नको. जनकानं सगळं ऐकून घेतलं आणि खोकं काखेत मारून ती भाजी घ्यायला वळली. हे बघून इंद्रभानचा जीव अर्धा झाला, पण किसनरावांनी हॉर्न मारला होता.

एवढा जीव त्या खोक्यात अडकायचं कारण म्हणजे मयुरी, त्यांची एकुलती एक मुलगी. दहावीला असताना तिला संध्याकाळी दिसेनासं झालं. पुढं बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय, याला औषध नाही, नजर आकसत जाईल. किती आकसेल, कधीपर्यंत आकसेल, हे काही कोणी सांगितलं नाही. पोरगी खंबीर. तिनं बी.ए. पूर्ण केलं, मग संभाजीनगरला एका संस्थेत राहून वर्षभर कम्प्युटर शिकून आली. तिथं कम्प्युटर लिहिलेलं वाचून दाखवतो म्हणे. आणि आता पुण्याच्या एका कंपनीनं तिला विचारलं होतं. लोकांच्या मुलाखती, सभा, भाषणं रेकॉर्ड केलेली असतात, ती ऐकून मराठीत टाइप करून द्यायची, घरी बसून. सोमवारी सकाळी दहाला चाचणी. घरच्या कम्प्युटरवर द्यायची, आणि चुकली की पुन्हा संधी नाही.

पण घरी कम्प्युटर कुठं होता? नवा घेणं परवडण्यातलं नव्हतं, म्हणून इंद्रभाननं तो गोळा करायला घेतला, आणि कंडक्टर माणूस गोळा करणार कसा, तर स्टॉपास्टॉपानं. कॅबिनेट, म्हणजे ज्यात सगळं बसवतात तो पत्र्याचा डबा, किसनरावांच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या पतसंस्थेनं भंगारात काढलेला. तो देऊळगाव राजाच्या गाडीनं आला. कीबोर्ड नांदुऱ्याहून एका कंडक्टरनं पिशवीत घालून पाठवला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर मलकापूरच्या आल्हादनं दिले, वापरलेले पण धडधाकट. या आल्हादचं स्टेशन रोडला रिपेअरिंगचं दुकान, आणि जुन्यातून नवं उभं करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. रॅम जुनी होती, हार्ड डिस्क तर त्याहून जुनी. नवाकोरा एकच जिन्नस, तो बावीस इंची मॉनिटर.

आल्हादनं सांगून पाहिलं होतं. काका, म्हणाला, मॉनिटर माझ्याकडचा जुना घेऊन जा, फुकट घ्या, आणि त्या पैशात चांगली डिस्क अन् रॅम टाका. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, जेवढा मोठा तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. इंद्रभाननं ऐकलं नाही. मॉनिटर मोठा तर अक्षर मोठं, आणि अक्षर मोठं तर पोरीला दिसणार, इतका साधा हिशेब होता त्याचा. आल्हाद गप्प बसला. गिऱ्हाईक बाप असला की दुकानदारानं किती बोलावं, यालाही काही मर्यादा असते.

आता इंद्रभानचा स्वभाव सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कंडक्टरचा धंदाच नजरेचा. मागच्या शेवटच्या सीटपर्यंत बघितल्याशिवाय त्यानं कधी डबल बेल मारली नाही. घरीही तेच. मयुरीला किती दिसतं, हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं सोडून तो तपासायचा. दारात आवाज न करता उभा राहायचा, ती मान वळवते का बघायला. पाण्याचा गडवा रोजच्या जागेवरून हातभर सरकवून ठेवायचा आणि तिचा हात कुठं जातो ते बघत बसायचा. पेपरात आज फोटो कोणाचा आलाय गं, असं सहज विचारल्यासारखं विचारायचा. मयुरी म्हणायची, बाबा, माझे हात ओले हायेत. तिचे हात फारच वेळा ओले असायचे.

पावसाळ्यात वर्षावास लागला की बुद्धविहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन मयुरीच करायची. खणखणीत आवाज, शब्द न शब्द स्वच्छ. गेल्या वर्षी तिनं ते सोडलं. घसा बसतो म्हणाली. इंद्रभाननं तिला ज्येष्ठमधाच्या कांड्या आणून दिल्या. मनातून त्याला सगळं कळत होतं, आणि कळतंय हे कळू नये म्हणून तो पुन्हा ज्येष्ठमध आणत होता. माणूस भ्याला की कसा वेड्यासारखा वागतो बघा.

मॉनिटर जोडला त्या दिवशी घरात सण होता. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर तो काळाभोर चकचकीत मॉनिटर, खाली पतसंस्थेचा कळकट डबा. आल्हादनं फोनवर सांगितलं तसं इंद्रभाननं अक्षर वाढवत वाढवत इतकं मोठं केलं की एका ओळीत जेमतेम चार शब्द मावले. मयुरी खुर्चीवर बसली. तिनं तो वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू केला आणि डब्यातल्या बारक्या स्पीकरमधून कम्प्युटर नाकातल्या नाकात बोलायला लागला. इंद्रभान तिच्या तोंडाकडं बघत होता. कसं वाटतं, एवढंच त्यानं विचारलं.

"मस्त हाये बाबा," ती म्हणाली. "इतलं मोठं अक्षर, दिसते ना."

इंद्रभान अंगणात गेला आणि उगाच नळाखाली तोंड धुऊन आला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला झालं होतं. आत जनका कणीक मळत राहिली.

फक्त कीबोर्ड त्याच्या डोळ्यात सलत होता. नांदुऱ्याहून आलेला तो कीबोर्ड इतका वापरलेला की निम्म्या बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. पोरीनं त्यावर काय बघून टाइप करावं? त्यानं पिवळे धम्मक स्टिकर आणले, त्यावर ठळक काळी अक्षरं, आणि एक अख्खी सुट्टी घालवून प्रत्येक बटणावर एकेक स्टिकर नखानं दाबून बसवला. मयुरीनं हात फिरवून बघितला, छान झालं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येऊन बघतो तर दोन स्टिकर निघालेले. मधल्या ओळीतले, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. गोंद बरोबर नसेल म्हणून त्यानं उरलेल्या पानातले दोन काढून पुन्हा लावले. पुढच्या दिवशी तेच दोन गायब. त्यानं फेविक्विक आणलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोन बटणं नखानं खरवडून खरवडून पांढरी पडली होती. इंद्रभाननं उंदरावर संशय घेतला. उंदीर रोज तीच दोन बटणं का कुरतडेल, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

इकडं कम्प्युटर अडखळायला लागला. सुरुवातीला बरा चालला, पण मयुरी सराव वाढवायला लागली तसा त्याचा दम पुरेना. रेकॉर्डिंग लावायचं, ते ऐकत टाइप करायचं, आणि टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्या आवाजानं बोलून दाखवायचं, म्हणजे बरोबर की चूक ते कळतं. तीन कामं एका वेळी. आवाज तुटायचा, दोन शब्द गिळायचा, मध्येच गप्प व्हायचा आणि मग साचलेलं सगळं एकदम बडबडायचा. मयुरी ओळ पुसायची, पुन्हा लिहायची. कधी कधी ती दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. तिचं असं बसणं इंद्रभानला बघवायचं नाही.

आल्हादला विचारलं तर उत्तर ठरलेलं. रॅम अपुरी, डिस्क म्हातारी. नवी डिस्क अन् आणखी रॅम टाकली की पळेल, नाहीतर सोमवारी फजिती व्हायची. आणि चाचणीतून ती बाहेर पडली तर परत बोलावणार नाहीत, हे मयुरीनं सांगितलेलंच होतं. इंद्रभाननं सगळा मार्ग पालथा घातला. बुलढाण्याला स्टँडसमोरच्या दुकानात विचारलं, खामगावला जाणाऱ्या कंडक्टरला सांगितलं, शेगावला लॉजवाल्यांकडे जुने कम्प्युटर निघतात म्हणून तिथं फोन केले. एक रॅम मिळालीही, पण ती खाचेतच बसेना. हातात तिकिटाचं मशीन, तोंडानं पुढं चला पुढं चला, आणि डोक्यात सोमवार. एका बाईला त्यानं मोताळ्याऐवजी सोमवारचं तिकीट देतो म्हणून सांगितलं, आणि गाडीतली माणसं हसली तेव्हा आपण काय बोललो ते त्याला कळलं.

शनिवारी दुपारी तो लवकर घरी आला. दाराबाहेरूनच कीबोर्डचा टकटक आवाज येत होता. सवयीनं तो चपला काढून आवाज न करता दारात उभा राहिला, आणि जागच्या जागी थिजला. मॉनिटर काळा होता. त्याचा तो बारीक निळा दिवासुद्धा लागलेला नव्हता. नवाकोरा मॉनिटर, आत्ता आत्ता आणलेला, आणि मेला! चाचणी तोंडावर आलेली आणि मॉनिटर मेला.

"मयुरी, सरक, बंद पडला तो! कवापासून असा हाये?"

मयुरी दचकली. तिनं कानावरचा हेडफोन खाली ओढला आणि मान तिरकी करून कम्प्युटरच्या आवाजाचा अंदाज घेतला.

"नाही बाबा, चालू हाये ना. बोलून राह्यला तो."

"अवो पण मॉनिटर..." एवढंच इंद्रभान बोलला.

स्वयंपाकघरातून मिक्सर थांबल्याचा आवाज आला आणि जनका पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा मुलीकडं, आणि काय झालंय ते तिला सांगावं लागलं नाही. तिनंच मॉनिटरची पिन काढली होती. घरात धडाचा एकच बोर्ड, त्यावरून वायर आत ओढून तिनं मिक्सर लावला होता. आज नव्हे, रोजच लावायची. दुपारच्या वेळी, इंद्रभान ड्युटीवर असताना.

"तिले तो लागत नाही," जनका हळूच म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगायले पाह्यजे? मी माय हावो तिची."

म्हणजे घरात एकट्या त्यालाच माहीत नव्हतं. इंद्रभान खाटेवर बसला. रागवावं, तर कोणावर? मयुरीनं खुर्ची वळवली. बापाच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, आणि तेवढ्यातही ती हातभर चुकली, खिडकीकडं बघत बोलली.

दिवाळीपासून तिला उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच कळत होतं. अक्षर नाही, माणूस नाही, रंगही नाही. संस्थेत तर सगळे मॉनिटर बंदच ठेवायचे, विजेचा खर्च कशाला म्हणून. आणि बटणं ती बघत नाही, चाचपते. मधल्या ओळीतल्या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, त्यावर बोटं ठेवली की बाकीची सगळी आपोआप सापडतात. नेमके तेच उंचवटे स्टिकरखाली बुजले होते. तिनं ते रोज नखानं काढले, कारण बाबांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

"मंग मोठं अक्षर दिसते काऊन म्हनलीस?"

"तुमचा आवाज ऐकला होता मी, विचारताना," ती म्हणाली. "मले भेव वाटलं."

इंद्रभानला तिथंच रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून त्यानं तोंडावर रुमाल दाबला, पण ज्या पोरीचं सगळं कानावरच चालतं तिच्यापासून काय लपणार होतं? जनका मिक्सरची वायर गुंडाळत राहिली.

मग मयुरी कामाचं बोलली. मॉनिटर वापस करा बाबा, आल्हादभाऊ घेतील, त्यात डिस्क अन् रॅम होऊन जाईन. इंद्रभान म्हणाला, बिनमॉनिटरचा कम्प्युटर घरात ठेवायचा? लोक काय म्हणतील, असं तोंडात आलेलं त्यानं गिळलं, कारण लोकांचा त्यात काही संबंध नव्हता. तो मॉनिटर टेबलावर होता तोवर पोरीला थोडं तरी दिसत होतं. तो उचलला की संपलं. एवढं साधं होतं ते, आणि एवढंच त्याच्यानं होत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो खाटेवरच बसून राहिला. दिवा लागला तेव्हा उठला, माळ्यावरून खोकं काढलं, मॉनिटर त्यात घातला आणि मलकापूरला न्यायला खालचा डबाही बांधून ठेवला.

रविवारी आल्हादचं दुकान बंद असतं, पण फोन केल्यावर त्यानं शटर अर्धं वर केलं. मी तुम्हाला म्हणालो होतो, असं एका शब्दानं तो म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला पाहिजे. मॉनिटर त्यानं खालीवर करून बघितला, ओरखडा नव्हता, घेतला. नवी डिस्क, जास्तीची रॅम, सगळं नव्यानं टाकायला रात्र झाली, म्हणून इंद्रभान मलकापूर डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत झोपला. झोपला म्हणजे आडवा झाला. सोमवारची त्यानं रजा टाकली होती. सकाळी आल्हादनं त्याला सांगितलं, आता बटण दाबायचं की आपोआप सुरू होईन अन् बोलायले लागन, कशालाही हात लावायचं काम नाही. दुकानात तो बोललाही. इंद्रभाननं दोनदा ऐकलं.

परतताना तो पहिल्यांदा पॅसेंजर म्हणून बसला. कॅबिनेट मांडीवर, दोन्ही हातांची मिठी. गाडी रस्त्याच्या कामापाशी अडली, पुढं ट्रॉलीच्या मागं रखडली, आणि एका खड्ड्यात अशी आदळली की सगळी गाडी वर उडून खाली आली. इंद्रभाननं कॅबिनेट छातीशी धरून ठेवलं, पण आत काय झालं हे कसं कळणार? तो घड्याळ बघत होता आणि कंडक्टरला डबल बेल लवकर मारायला सांगत होता. आयुष्यभर पॅसेंजरांनी त्याला हेच सांगितलं होतं आणि त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा चाचणीला जेमतेम वेळ उरला होता. वायरी लावल्या, मयुरीचा मोबाइल नेटसाठी जोडला, बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. बोलणं काही येईना. आणि मग आतून आवाज आला, टीं... टीं... टीं..., लांबलचक, थांबून थांबून.

इंद्रभान मॉनिटरच्या रिकाम्या जागेकडं बघत होता. मॉनिटर असता तर काहीतरी दिसलं असतं, काहीतरी लिहून आलं असतं. आता टेबलावर बघायला काहीच नव्हतं, आणि तो डबा रडल्यासारखा ओरडत होता. आपण दिला तो मॉनिटर, आपल्याच हातानं दिला, असं तो मोठ्यानं बोलायला लागला. जनकानं त्याला धरून खाटेवर बसवलं.

मयुरीनं आल्हादला फोन लावला आणि मोबाइल कॅबिनेटजवळ धरला. आल्हादनं आवाज ऐकला, बस, एवढंच. रॅम हलली असंन, म्हणाला, खड्ड्यानं सुटली. बंद करा, बाजूचा पत्रा काढा, आणि दोन उभ्या पट्ट्या सापडतील त्या काढून परत दाबून बसवा. इंद्रभाननं स्क्रू काढले, पण त्याच्या हाताला पट्टी सापडली तरी धरवेना. मयुरीनं त्याचा हात बाजूला केला. तिनं आत बोटं घातली, एक पट्टी काढली, तिचे काठ चाचपले, खाच कुठं आहे ते शोधलं आणि पट्टी जागेवर ठेवून अंगठ्यानं दाबली. कट्ट. मग दुसरी. पुन्हा कट्ट. बटण दाबलं आणि सगळे कान लावून बसले. पंखा फिरत राहिला, फिरत राहिला. जनकानं डोळे मिटले होते.

आणि तो नाकातला आवाज बोलला, स्वच्छ, न तुटता. मयुरीनं लगेच हेडफोनची वायर खोचली, कानाला लावला आणि पाठ ताठ केली. दहा वाजत होते.

पुढचा वेळ इंद्रभानला आयुष्यात विसरता यायचा नाही. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली होती. समोर नुसतं टेबल. ती टाइप करत होती, पण काय करत होती ते कुठंच उमटत नव्हतं. आवाज होता तो तिच्या कानात. बोटं भरभर चालली की त्याला वाटायचं, चाललंय बरं. थांबली की तो खाटेवरून अर्धा उठायचा. ती एकदा हसली, का हसली? एकदा कपाळाला आठी पडली, अडकलं काय? विचारायची सोय नव्हती, आवाज करायचा नव्हता. तो जनकाकडं बघायचा, जनका त्याच्याकडं. त्यालाही काही कळत नव्हतं, तिलाही. बाहेर कोणाच्या तरी ट्रॅक्टरनं हॉर्न दिला तेव्हा इंद्रभान अनवाणी पळत गेला आणि हात जोडून त्याला पुढं घालवून आला.

परत आला तेव्हा मयुरीचे दोन्ही हात मांडीवर होते. कम्प्युटरचा पंखा फिरत होता आणि ती हलत नव्हती. गेलं, त्याला वाटलं. पुन्हा तसंच झालं. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला आणि शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय झालं बेटा? अडकला का?"

मयुरीनं हेडफोन काढला. "नाही बाबा. झालं माहं. मघाच पाठवून देलं."

"सगळं?"

"सगळं. वेळ उरला होता. परत एकदा ऐकून पाह्यलं, मंग पाठवलं."

"कवा पाठवलं? मी इथंच होतो, मले तं काहीच दिसलं नाही."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. जनकानं मान खाली घातली. मयुरी आवाजाच्या दिशेनं वळली, या वेळी बरोबर त्याच्याकडं, आणि तिनं हात पुढं केला. इंद्रभाननं तो धरला. घामानं ओला झाला होता, त्याचाही आणि तिचाही.

"मंग विचारत जा ना, बाबा," ती म्हणाली. "मी सांगत जाईन."

इंद्रभान खुर्चीशेजारी खालीच बसला. मग त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सरळ विचारलं.

"मयुरी, आता या टायमाले तुले काय दिसून राह्यलं?"

तिनं मान थोडी वर केली. "दार उघडं हाये," ती म्हणाली. "तिकून उजेड येते. बाकी काही नाही."